सारवण, फळा आणि पट

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात उन्हाची काहिली ओसरेपर्यंत आणखी आठ-पंधरा दिवस थांबावे लागते. त्याआधीचे दिवस वर्ग लावण्याचे. खोल्या झाडायच्या, कौले किंवा पत्रे पाहायचे, फळा नीट करायचा, तक्ते टांगायचे, हजेरीपटावर नवी नावे चढवायची. हे काम शाळेइतकेच जुने वाटते, पण त्याचे वय फार तर पावणेदोनशे वर्षांचे. त्याआधी शाळेला इयत्ता नव्हत्या आणि शालेय वर्षही नव्हते. ते सुरू झाल्यावर त्याचा भार कोणी उचलायचा, ही वाटणी बराच काळ ठरून गेली होती : कागद सरकारचा, जागा गावाची आणि अंगमेहनत मुलांची. मराठी शाळेच्या वार्षिक तयारीचा इतिहास हा बव्हंशी या वाटणीचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखात मुलांना शिकवी तो पंतोजी. त्याची शाळा देवळाच्या सभामंडपात, धर्मशाळेत, एखाद्या सावकाराच्या ओसरीवर नाहीतर स्वतःच्या पडवीत भरे. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यातील देशी शाळांची मोजदाद झाली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास मुले नोंदली गेली. म्हणजे सरासरीने एका शाळेत वीस मुले. वीस मुलांना ओसरी पुरते. पंतोजीने घर बदलले की शाळाही त्याच्यामागे जाई, मागे फक्त रिकामी ओसरी उरे.

मुलगा शाळेत यायचा तो मुहूर्त पाहून, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात. त्यातही दसऱ्याला अधिक. घरून नारळ, गूळखोबरे आणि पंतोजीसाठी शिधा येई. एक मुलगा ‘ओनामा’ गिरवत असे, दुसरा मोडीची बाराखडी, तिसरा पावकी-निमकी घोकत असे आणि चौथा सावकारी हिशेबापर्यंत पोचलेला असे. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचे हा शिरस्ता. अशा शाळेत सगळ्यांनी मिळून एका दिवशी नवे काही सुरू करण्याचा प्रश्नच नव्हता. तयारी रोजची असे : पहिल्या आलेल्या मुलांनी ओसरी झाडायची, सडा टाकायचा, पंतोजीची बैठक अंथरायची.

मुलांची लिहिण्याची जागा म्हणजे धुळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची लाल पूड पसरायची, हाताने सारखी करायची आणि काडीने अक्षर काढायचे. चुकले की फळी हलवायची, अक्षर गेले. हात बसला की मग बोरू, शाई आणि कागद. कागद महाग, त्यामुळे तो अखेरीस. ही पद्धत दक्षिणेतही होती आणि तिने एक गमतीचा प्रवास केला. मद्रासमध्ये अनाथालयाची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, थोरली मुले धाकट्यांना शिकवतात हेही टिपले, आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत ‘मद्रास पद्धत’ म्हणून वाळूचे ट्रे आले. पुढच्या काळात इंग्रज अधिकारी इथल्या धुळपाटीला मागासलेपणाची खूण म्हणू लागले, तेव्हा या देवघेवीची आठवण कोणी ठेवली नव्हती.

या शाळेचा वर्षातला मोठा दिवस दसरा. पाट्या धुवायच्या, त्यांवर एक-एकच्या आकड्यांनी सरस्वती रेखायची, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचा. शाळेचे वर्ष असे काही त्या काळी असेलच, तर ते आश्विनात उगवत होते. सरकारी शाळांनी सुरुवात जूनवर नेली तरी पाटीपूजन दसऱ्यालाच राहिले, ते आजतागायत.

पेशवाई संपल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा भर नव्या इमारतींपेक्षा छापील पुस्तकांवर आणि शिकवून तयार केलेल्या शिक्षकांवर होता. १८२२ साली उभ्या राहिलेल्या मुंबईच्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीने हे काम अंगावर घेतले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली गणिताची व इतर पुस्तके मराठीत आली. १८२६ च्या सुमारास दोन डझन शिक्षक तयार करून महाराष्ट्र आणि गुजरातेतल्या गावी पाठवले गेले. त्यांच्याबरोबर गेली ती पुस्तके. शाळा भरली ती पुन्हा ओसरीतच किंवा चावडीत. मात्र एक बदल मोठा होता. सर्व मुलांच्या हाती एकच पुस्तक आले की एकाच पानावरची मुले एका ओळीत बसवता येतात, आणि ओळी वेगळ्या झाल्या की इयत्तांना जागा लागते.

इयत्ता खऱ्या अर्थाने आल्या त्या १८५५ नंतर. वुडच्या खलित्यामुळे स्वतंत्र शिक्षण खाते निघाले. मेजर कँडीच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तकांची माळ तयार झाली : पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, तिसरे पुस्तक. पुस्तकाचा क्रमांक तीच मुलाची इयत्ता. पहिलीच्या खाली बिगरी म्हणजे बिनयत्ता, आणि वर चढत चढत व्हर्नाक्युलर फायनल. १८६१ साली मराठी शालापत्रक निघू लागले. गावोगावच्या एकट्या मास्तराला खात्याशी आणि इतर मास्तरांशी जोडणारा तेवढाच धागा होता.

खात्याबरोबर छापील नमुने आले : हजेरीचा कॅटलॉग, जनरल रजिस्टर, डेडस्टॉक, शेरेबुक. मास्तराच्या दृष्टीने वर्षाचा कळस म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरची, गावच्या तोंडी ‘दिपोटी’ची, फेरी. पावसाळ्यात रस्ते बंद, त्यामुळे साहेब उघडिपीत यायचे. त्यांनी परीक्षा घ्यायची, मुले वर चढवायची, शेरेबुकात लिहायचे. शाळा शाकारणे, भिंतींना चुना काढणे, फाटके नकाशे चिकटवणे ही कामे कितीतरी गावांत साहेबाच्या तारखेकडे डोळे लावून होत. उन्हाळ्याची सुट्टी, वार्षिक परीक्षा आणि जूनमधली सुरुवात यांची साखळी पक्की व्हायला पुढे बराच काळ गेला. ती झाली तेव्हा शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष एकाच पंधरवड्यात येऊन भिडले. बी-बियाणे आणि पाटी-पुस्तक यांचा खर्च कुणब्याच्या घरी एकदमच निघू लागला. पेरणीला हात हवे असत तेव्हाच मास्तर पोरे मागायला दारात येई. मराठी खेड्यातील जूनची हजेरी त्यामुळे नेहमीच कच्ची राहिली.

जागेचा प्रश्न सुटायला पैसा हवा होता. तो १८६०च्या दशकात लोकल फंडातून आला. जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली गेली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळला. त्यातून काही ठिकाणी दगडी भिंतींच्या, पुढे रुंद व्हरांडा असलेल्या, मंगळुरी कौलांच्या शाळा उभ्या राहिल्या. पुण्या-साताऱ्याकडे अशा शाळा अजूनही दिसतात. बहुसंख्य खेड्यांत मात्र पट्टी भरणाऱ्या कुणब्याला शाळेची इमारत काही दिसली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी नेमके हेच मांडले : पैसा शेतकऱ्याचा, खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षकाला दरमहा निदान बारा रुपये द्यावेत, असेही त्यांनी सुचवले. चांगली शाळा म्हणजे आधी धड पगार घेणारा मास्तर, हा त्यांचा हिशेब खात्याच्या अहवालांपेक्षा स्वच्छ होता.

जागा गावाची असल्याने गावाचे नियमही तिच्यावर चालत. शाळा देवळात भरली की अस्पृश्यांच्या मुलांना उंबरा बंद. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. अर्ज नाकारला गेला आणि प्रकरण थेट वरिष्ठ सरकारपर्यंत गेले. कागदोपत्री धोरण बदलले, तरी अंतर मोजून बसवण्याची रीत वर्गात टिकली. साताऱ्याच्या शाळेतली आठवण बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे. त्यांना वेगळे बसावे लागे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. मुलांनी बसायला घरून बस्कर आणणे ही तेव्हाची सर्रास रीत. पण सगळ्यांचे बस्कर शाळेत राहत असताना एकाचेच रोज घरी जाणे, यात वर्ग कोणासाठी लावलेला आहे हे उघड दिसते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दोन वर्षांनी त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका छताखाली बसवण्याचा हुकूम काढला. त्या वर्षी संस्थानातल्या मास्तरांना वर्गाची बैठक मुळापासून नव्याने लावणे भाग होते.

वर्ग लावणे म्हणजे आधी जमीन करणे. फरशी नसलेल्या शाळेत, आणि १९७०-८० पर्यंत अशा शाळा मुबलक होत्या, सुट्टीच्या दीड महिन्यात जमीन उखणून निघे. उंदीर-घुशी बिळे पाडत, गुरे आत बसत, वळवाचे पाणी कोपरे खाई. खड्ड्यांत मुरूम आणि पांढरी माती भरायची, पाणी मारायचे, चोपण्याने चोपायचे आणि मग सारवायचे. शेण आदल्या दिवशी भिजवून ठेवले की त्यातल्या काड्या वेचून काढता येतात. काला पातळ झाला तर जमीन धरत नाही, घट्ट झाला तर वाळल्यावर पोपडे सुटतात. सारवणारी मुलगी समोरच्या भिंतीपासून सुरुवात करून उकिडवी मागे सरकत दाराशी येई, म्हणजे ओल्यावर पाय पडत नसे. हाताच्या अर्धगोल फटकाऱ्यांची नक्षी वाळल्यावरही दिसे. पावसाची झड लागली की सारवण चार-चार दिवस वाळत नसे, म्हणून हे काम मृग बरसायच्या आत उरकण्याची घाई असे. पुढे वर्षभर दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर त्याची उजळणी व्हायची. शेण मुलींनी आणायचे, पाणी मुलांनी, अशी वाटणी ठरलेली असे. ती बदलावी असे फारसे कोणाला वाटले नाही. सारवायला बसल्याने मुलींचा अभ्यास बुडतो, याची नोंद तर कोणत्याच रजिस्टरात नव्हती.

भिंतींचे काम त्या मानाने सोपे. चुना भिजवून त्यात थोडी नीळ घालायची, खालच्या हातभर भागाला गेरूचा पट्टा ओढायचा. गेरू शोभेपेक्षा उपयोगाचा असे, कारण बसलेल्या मुलांची डोकी आणि तेलकट हात त्याच उंचीवर लागत. कोकणात खरी धास्ती छपराची. तिकडे मे अखेरपर्यंत कौले परतून घेतली नाहीत, तर जूनमध्ये वर्गात बादल्या मांडाव्या लागत आणि मुले गळक्या जागा टाळून बसत.

फळा आला आणि मुलांच्या नजरा एका दिशेला वळल्या. पंतोजीच्या ओसरीवर मुले वाटेल तशी तोंडे करून बसत. फळ्यासमोर ओळी लागल्या. सुरुवातीचे फळे लाकडी, तीन पायांच्या स्टँडवर ठेवलेले. गरीब शाळेत भिंतीचाच एक चौकोन काळा केलेला असे. वर्षभराच्या खडूने आणि ओल्या फडक्याने फळा पांढुरका पडे. तो काळा करण्याची कृती घराघरांत ठाऊक होती : कोळशाची पूड वस्त्रगाळ करायची, हिरवा पाला चुरगळून त्याच्या रसात कालवायची आणि फळ्यावर घासघासून जिरवायची. एक हात वाळला की दुसरा. याच पद्धतीने मुले आपापल्या दगडी पाट्याही काळ्या करत. या पाट्या आंध्रातल्या मार्कापूरच्या आणि पेन्सिली माळव्यातल्या मंदसौरच्या. मंदसौरच्या पेन्सिल कारखान्यांतील कामगारांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस जडत असे. धुळपाटीवरची धूळ निदान कोणाच्या छातीत जाऊन बसत नव्हती.

फळ्याच्या वरच्या कडेला वार, दिनांक आणि सुविचार, तर कोपऱ्यात ‘पट’ आणि ‘हजर’ असे दोन आकडे लिहिण्याची पद्धत मराठी शाळेत खोलवर रुजली. यातला पटाचा आकडा शाळेचा जीव. त्यासाठी मास्तराला वर्ग लावण्याआधी गाव पालथा घालावा लागे. घरोघर जाऊन पाच-सहा वर्षांची पोरे हेरायची, आईबापांची समजूत घालायची, नाव घालून घ्यायचे. जन्माची नोंद क्वचितच असे. ‘मोठा पूर आला त्या साली’, ‘थोरलीच्या लग्नाच्या आधी’ असे उत्तर मिळे. मग गुरुजी अंदाजाने साल धरत आणि प्रवेशाचे वय शाळा उघडताना भरलेले दिसावे म्हणून तारीख टाकत : १ जून. जनरल रजिस्टरात एकदा शाईने उतरलेली ही तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर आणि निवृत्तीच्या हुकमावर जाऊन बसली. महाराष्ट्राच्या खेड्यांतून आलेल्या दोन-तीन पिढ्यांत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या निसर्गाला शोभणार नाही एवढी मोठी आहे. एवढे कायमचे काम गावातल्या दुसऱ्या कोणत्याही रजिस्टराने क्वचितच केले असेल.

पट भरण्याची ही खटपट किती चिवट होती याचे चांगले चित्र व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) आहे. औंध संस्थानातील धनगरवाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा चावडीत, पोरे मेंढरांमागे. कारभाऱ्याने मनावर घेतले तरच वर्ग भरणार. स्वातंत्र्यापूर्वीच्या दशकांत मुंबई इलाख्यात ‘व्हॉलंटरी शाळा’ निघाल्या, त्याही याच जातीच्या. जागा गावाने द्यायची, मास्तर जेमतेम पगारावर, आणि सामान म्हणजे एक फळा, एक टेबल, एक घंटा. ही घंटाही पुष्कळदा आगगाडीच्या रुळाचा टांगलेला तुकडा असे. आवाजाला तो पितळी घंटेपेक्षा खणखणीत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना पुढे आली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ती उचलली. वर्गात टकळ्या, पेळू, कुदळी-खुरपी आली. जूनच्या तयारीत कापसाचा साठा मोजणे आणि बागेचे वाफे आखणे यांची भर पडली. सूतकताईचा तास पुढे नावापुरता उरला आणि टकळ्या कपाटात गंजल्या. कितीतरी गावांच्या कमानींवर मात्र ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे नाव राहिले. योजना जाते आणि पाटी राहते, हे सरकारी शाळेत वरचेवर घडते.

लहान मुलांचा वर्ग कसा असावा याचा मुळातून विचार केला तो ताराबाई मोडकांनी. भावनगरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्या माँटेसरी पद्धतीत मुरल्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. माँटेसरीची साधने परदेशी आणि महाग. १९४५ नंतर बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह काम करताना त्यांनी ती साधने रानातून उभी केली : चिंचोके, शिंपले, गुंजा, दगडगोटे, पाने, बिया. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही काढली. तिथे वर्गाची तयारी भिंतीपासून सुरू होत नव्हती. मुलांची आंघोळ, नखे, विंचरलेले केस ही दिवसाची पहिली पायरी. अंगणवाडी देशभर पोचली, तिचे मूळ या पाड्यांवर आहे. पण प्राथमिक शाळेने ताराबाईंकडून घ्यायचे ते घेतले नाही. चिंचोके बालवाडीत राहिले आणि पहिलीच्या वर्गात फळा, पाटी, छडी हेच सामान पुढे बराच काळ चालले.

१९६२ च्या महाराष्ट्र दिनी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गोव्यातही मुक्तीनंतर, १९६३ च्या डिसेंबरात आलेल्या दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. पोर्तुगीज अमदानीत देवळांच्या आणि वाड्यांच्या आसऱ्याने चाललेल्या शिक्षणाला पहिल्यांदा सरकारी मास्तर मिळाला. इकडे २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात ‘बालभारती’ स्थापन झाली आणि तोवर चालणाऱ्या निरनिराळ्या वाचनमालांच्या जागी राज्यभर एकच पुस्तक आले. एकच पुस्तक म्हणजे जुन्या पुस्तकाला हमखास गिऱ्हाईक. मे अखेरीला वरच्या इयत्तेतल्या मुलाचे पुस्तक निम्म्या किमतीत घ्यायचे, खळीने पाठ चिकटवायची, खाकी किंवा वर्तमानपत्राचे कव्हर घालायचे, नाव खोडून नाव टाकायचे, हा घरोघरचा जूनचा उद्योग झाला. बदल्यांचे हुकूमही याच हंगामात निघत. त्यामुळे पुष्कळदा वर्ग एका गुरुजींनी लावलेला आणि शिकवायला दुसरेच, असे व्हायचे.

वर्गाला किमान काय हवे हे केंद्र सरकारने पहिल्यांदा लिहून काढले ते १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात. त्यातून पुढच्या वर्षी ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’, मराठीत खडू-फळा योजना, सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला कोणत्याही ऋतूत वापरता येतील अशा दोन खोल्या आणि व्हरांडा, निदान दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक महिला, आणि फळे, नकाशे, तक्ते, खेळणी, छोटे ग्रंथालय. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी देशाने शाळेला फळा द्यायचे ठरवले, ही गोष्ट योजनेच्या नावातच नोंदली गेली आहे. सामान आले, पण पेटीत. हरवले तर डेडस्टॉकप्रमाणे भरून द्यावे लागेल या भीतीने कित्येक शाळांत विज्ञानपेटी तपासणीच्या दिवशीच उघडली जाई.

दोन खोल्या आणि चार इयत्ता हे गणित मात्र शिक्षकाला स्वतःच सोडवावे लागले. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, किंवा पहिलीला जोडून तिसरी, म्हणजे थोरल्यांनी धाकट्यांचे पाहावे. एका इयत्तेचे तोंड पूर्वेला, दुसरीचे पश्चिमेला. एकीला गणित मांडून द्यायचे आणि दुसरीचे वाचन घ्यायचे. जोडवर्गाची ही बैठक पंतोजीच्या ओसरीशी जितकी जवळची, तितकी खात्याच्या इयत्तांशी नाही. १९९५ पासून या खोल्यांत आणखी एक भागीदार आला. पोषण आहार योजनेत सुरुवातीला मुलामागे महिना तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे, पुढे शाळेतच शिजवलेले अन्न आले. स्वयंपाकघर बांधून होईपर्यंत पोती वर्गाच्या कोपऱ्यात रचली जात, आणि जूनच्या झाडलोटीत उंदरांचा बंदोबस्त पहिल्या क्रमांकावर गेला.

सर्व शिक्षा अभियानातून फरशी, खोल्या आणि मोफत पुस्तके आली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि जागा गावाची, मेहनत मुलांची ही जुनी वाटणी निदान कायद्याच्या नजरेत संपली : इमारत, पुस्तके, गणवेश ही सारी शासनाची जबाबदारी, तीस मुलांमागे एक शिक्षक, पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस. पण आता पटाला वेगळीच धार आली. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदे ठरतात. म्हणून पाडव्यापासूनच प्रवेशाच्या फेऱ्या, दवंड्या, फलक सुरू होतात, समोर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी उभी असते. नुसत्या कागदावरचे पटही याच गरजेतून फुगले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावून ती मोजावी लागली.

गेल्या वीस वर्षांत वर्गाच्या रूपात झालेला बदल मुख्यतः शिक्षकांच्या हातचा आहे. इमारतच शिकण्याचे साधन करण्याची ‘बाला’ ही कल्पना देशभर पसरली. दाराच्या कोनांवर अंश, पायऱ्यांवर संख्या, खांबावर उंचीची मोजपट्टी. महाराष्ट्रात ‘बोलक्या भिंती’ झाल्या, आणि बरेचदा त्या जरा जास्तच बोलू लागल्या. प्रत्येक इंचावर चित्र असलेल्या भिंतीकडे दुसऱ्या आठवड्यापासून मूल पाहत नाही. याहून विचारपूर्वक काम साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये झाले. तिथल्या ज्ञानरचनावादी वर्गांत बाके हलवली गेली आणि फरशीवरच ऑइलपेंटने अक्षरांची घरे, संख्यारेषा, गोल, चौकटी आखल्या. मुले गटागटाने जमिनीवर बसून खडे, काड्या, मणी मांडू लागली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि हे वर्ग पाहायला जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक जाऊ लागले. मे महिन्यात स्वतःच्या खिशातून रंग आणून गुडघ्यांवर बसून फरशी आखणारे शिक्षक त्यानंतर बऱ्याच गावांत दिसू लागले. ताराबाईंचे चिंचोके असे सत्तर वर्षांनी पहिलीच्या वर्गात शिरले. रंग मात्र दोन वर्षांत पायांखाली झिजतो आणि त्याच्या खर्चाला ठरलेले शीर्षक नाही.

करोनाच्या साथीमुळे जून २०२० मध्ये वर्ग उघडलेच नाहीत. पुस्तके घरपोच गेली, पट होता, हजर कोणी नव्हते. त्या दोन वर्षांत बालवाडीविना थेट पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान निघाले. शाळेत मेळावा भरवायचा, मुलाला टेबलाटेबलांवरून नेत उड्या, चित्रे, आकार, मोजणी करून घ्यायची, कार्डावर नोंद करायची आणि आईला घरी करायचे खेळ द्यायचे. पहिला मेळावा उन्हाळ्यात, दुसरा शाळा उघडताना. जूनच्या तयारीत वर्गाइतकेच मूलही धरले गेले, आणि त्यासाठी आयांचे गट वस्तीवस्तीत केले गेले. पुढच्याच वर्षी दप्तर हलके करण्यासाठी बालभारतीची पुस्तके भागाभागांत आली. प्रत्येक पाठानंतर वहीची कोरी पाने जोडलेली होती. मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, पाने कोरीच राहिली, आणि २०२५ च्या आरंभी शासनाने ती काढून टाकण्याचा निर्णय घेतला.